मुलाखतीत तुमचाच रुग्ण सांगा

आपल्याकडे दंतवैद्यकाला प्रवेश घेताना कुणी काही विचारत नाही. नीटचे गुण येतात, सीईटी कक्षाच्या कॅप फेरीत पसंतीक्रम भरायचा, यादीत नाव लागलं की कागदपत्रांची फाईल घेऊन वडिलांबरोबर जायचं आणि प्रवेश होतो. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय असो, नायर असो, नागपूर असो की छत्रपती संभाजीनगर, ‘तुला हेच का करायचंय?’ असं कुठल्याच खिडकीवर विचारत नाहीत. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मग एखाद्या क्लिनिकमध्ये नोकरी. आणि मग पंचविशीत किंवा तिशीत अमेरिकेतल्या डेंटल स्कूलचे दोन प्राध्यापक पडद्यावर समोर बसतात आणि नेमकं तेच विचारतात. हुशार, उत्तम हात असलेली मुलं तिथे अडखळतात. कारण तो प्रश्न त्यांनी स्वतःलाही कधी विचारलेला नसतो.

अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: तिथे उसनं काही बोलू नका. तुम्ही तपासलेला रुग्ण, तुमच्या हातून झालेलं काम आणि त्यातून तुम्हाला कळलेली गोष्ट, एवढंच घेऊन जा. पण ते नीट मांडायची तयारी मात्र महिनोन्‌महिने आधीपासून करा.

आधी रस्ता समजून घेऊ. अमेरिकेत दंतवैद्याला परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं, आणि बहुतेक राज्यांत त्यासाठी ‘कोडा’ या संस्थेची मान्यता असलेल्या डेंटल स्कूलची पदवी लागते. आपली बीडीएस त्यात बसत नाही. म्हणून इथून गेलेल्या दंतवैद्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग’च्या दोन ते तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसावं लागतं आणि शेवटी डीडीएस किंवा डीएमडी मिळते. या दोन पदव्यांत डावं-उजवं काही नाही, त्यावर रात्री जागवू नका. पेनसिल्व्हेनिया, बोस्टन, टफ्ट्स, मिशिगन, सॅन फ्रान्सिस्कोचं पॅसिफिक अशा बऱ्याच विद्यापीठांत हे अभ्यासक्रम आहेत आणि बहुतेकांचे अर्ज ‘कॅपिड’ या सामाईक पोर्टलवरून जातात.

अर्जाबरोबर आयएनबीडीई ही परीक्षाही बहुतेक ठिकाणी लागते. ऑगस्ट २०२० पासून तिने जुन्या दोन भागांच्या बोर्ड परीक्षेची जागा घेतली. दोन दिवस, ५०० प्रश्न, आणि निकाल एवढाच: पास की नापास. पास झालेल्याला गुण मिळतच नाहीत. आपल्या मुलांना हे पचत नाही, कारण आपलं सगळं आयुष्य टक्केवारीवर गेलेलं असतं. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कागदावर पास झालेले सगळे सारखे दिसतात. तेव्हा निवड करणारे पाहणार ते तुमचा निबंध, शिफारसपत्रं, हातचं काम आणि तुम्ही बोलता कसे. रँक काढायची सवय इथे कामाची नाही.

जाता जाता एक. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये तिथल्या परीक्षा देऊन, पुन्हा कॉलेजात न बसता नोंदणी करण्याचा रस्ता आहे. त्या परीक्षा सोप्या नाहीत आणि खर्चिकही आहेत, पण घरची परिस्थिती पाहता एखाद्याला तोच रस्ता बरा पडेल. निर्णय घेण्याआधी तिन्ही देशांचे नियम त्यांच्या अधिकृत संस्थांच्या संकेतस्थळांवर स्वतः वाचा. मैत्रीण गेली म्हणून अमेरिका, असं नको.

आता कागदपत्रांचं. हे कंटाळवाणं आहे, पण मुलं मुलाखतीआधीच जिथे अडकतात ते हेच ठिकाण. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव छापतात. पासपोर्टवर रचना निराळी असते. लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. मग बीडीएसच्या प्रमाणपत्रावर एक बाई, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालावर दुसरी आणि बोर्ड परीक्षेसाठी काढलेल्या डेंटपिन या ओळख क्रमांकावर तिसरी, असं होतं. तिकडच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला आपली पद्धत ठाऊक नसते. त्यामुळे डेंटपिन काढतानाच पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राजपत्रातल्या नावबदलाची प्रत हाताशी ठेवा. लग्न ठरत असलेल्या मुलींना माझी कळकळीची विनंती आहे की ही सगळी साखळी पूर्ण होईपर्यंत कागदावरचं नाव बदलू नका. सासरच्यांनीही त्याचा आग्रह धरू नये. मुलीच्या शिक्षणापुढे ही गोष्ट फार लहान आहे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणं, ते ईसीईसारख्या संस्थेकडून अमेरिकी पद्धतीत तपासून घेणं, यात आठवडे जातात, कधी महिने. टोफेलचा निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून तो फार आधी देऊन ठेवू नका. कॅपिड साधारण मार्चच्या सुमाराला उघडतं आणि प्रत्येक स्कूलची शेवटची तारीख वेगळी असते. तारखांचा एक कागद करून भिंतीवर लावा आणि घरच्यांनाही तो वाचायला सांगा.

शिफारसपत्रांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे विद्यार्थी सरांकडे जातो आणि सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ सरांचा हेतू वाईट नसतो, ओपीडी भरलेली असते. पण मुलाने स्वतःच लिहिलेली तीन पत्रं एकाच आवाजात बोलतात. तेच शब्द, त्याच उपमा, तीच ‘कष्टाळू आणि प्रामाणिक’ची माळ. वाचणारा वर्षानुवर्षं अशी पत्रं वाचत आलेला असतो, त्याला ते कळतं. आणि मुळात ते खोटं आहे. त्यापेक्षा सरांकडे जाताना एक पान घेऊन जा: त्यांच्या विभागात मी कोणत्या केसेस केल्या, कुठे त्यांनी मला थांबवलं, कुठे एकट्याने करू दिलं. ते वाचलं की त्यांनाही आठवतं. विभागप्रमुखांनी तुम्हाला दोनदाच पाहिलं असेल तर त्यांच्या पदापुढे वाकू नका, रोज तुमच्या खुर्चीशी उभं राहणाऱ्या तरुण लेक्चररकडे जा. त्याचं पत्र जास्त खरं असेल. पत्र ज्याचं त्याने स्वतःच पाठवलं पाहिजे.

निबंधाचंही तसंच. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे लोक आहेत, आता तर यंत्रंही देतात. ‘लहानपणापासून मला लोकांच्या हास्याची ओढ होती’ अशी सुरुवात असलेले किती निबंध माझ्यासमोर आले, सांगता येत नाही. ते वाक्य खोडा. ज्या मुलांचे निबंध दुसऱ्याने लिहिले, त्यांची मुलाखतीत फजिती होते, कारण समोरचा माणूस निबंध हातात घेऊनच प्रश्न विचारतो. अनुभवाचे बनावट दाखले तर अजिबात नकोत. खोटी माहिती उघडी पडली तर झालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मग मुलाखत. पहिला प्रश्न तोच: दंतवैद्यक का?

आपल्यातल्या बहुतेकांचं खरं उत्तर असं असतं की एमबीबीएस हुकलं. गुण थोडे कमी पडले, वडील म्हणाले डॉक्टरच म्हणतील ना, आणि बीडीएस घेतलं. मुलांना याची लाज वाटते आणि ती खोटी गोष्ट रचतात. आजीचा दात दुखत होता, तेव्हाच मी ठरवलं वगैरे. माझा सल्ला असा की खरं सांगा. ‘मला वैद्यकीयला जायचं होतं, ते झालं नाही, मी निराश होऊन या शाखेत आले.’ हे सांगायला एक वाक्य पुरतं. त्यानंतरचं तुमचं बोलणं महत्त्वाचं. तुम्ही इथे का राहिलात? कुठल्या क्षणी हे काम तुमचं झालं? पहिल्या वर्षी मेणाचा दात कोरताना बोटांना काही तरी जमतंय असं वाटलं का? तिसऱ्या वर्षी पहिला दात काढल्यावर तो म्हातारा शेतकरी ‘दुखलंच नाही’ म्हणाला, तेव्हा काय झालं? शोधा. प्रत्येकाकडे असं काही असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आणि आपल्या रुग्णांकडे नीट पाहा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी दोन बोटंही तोंडात जात नाहीत इतकं तोंड आखडलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा तुमच्या ओपीडीत आला आहे. पहाटे उठून मशेरी लावणारी मावशी आली आहे, जी म्हणते की त्याशिवाय पोट साफ होत नाही. तिला तुम्ही काय सांगितलं? ती चिडली का? पुन्हा आली का? अमेरिकेतल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तोंड आखडवणारा, मुखाच्या श्लेष्मल त्वचेखालचा तो तंतुमय आजार पुस्तकातच पाहिलेला असतो. तुम्ही तो बोटांनी चाचपला आहे. मुलं हे सांगत नाहीत. त्यांना वाटतं हे मागासलेपणाचं लक्षण दिसेल, म्हणून ती इम्प्लांट आणि लेझरच्या गोष्टी सांगतात, ज्या त्यांनी फक्त लांबून बघितलेल्या असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिराला गेला असाल तर तिथल्या मुलांच्या दाढा सांगा. रुग्णाचं नाव, गाव मात्र कधीही सांगू नका. गोपनीयता तिथे फार गंभीरपणे घेतात, आणि इथेही घ्यायला हवी.

मराठी घरात आपण आपल्या तोंडाने आपलं कौतुक करत नाही. हा संस्कार चांगला आहे, पण मुलाखतीत तो आडवा येतो. ‘आम्ही कॅम्प घेतला, आम्ही उपचार केले.’ समोरच्याला कळत नाही की यात तुम्ही काय केलंत. ‘मी’ म्हणा. ‘त्या कॅम्पमध्ये नोंदणीचं काम माझ्याकडे होतं आणि दुपारी मी अठ्ठावीस मुलांची तोंडं तपासली’ असं म्हणणं फुशारकी नाही, माहिती आहे. जे केलं नाही ते मात्र केलं म्हणू नका.

‘तुमची एखादी चूक सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. ‘मी फार परिपूर्णतेच्या मागे लागते’ हे उत्तर देऊ नका, ते सगळेच देतात. रूट कॅनॉल करताना फाईल तुटली असेल तर ते सांगा. पण त्याहून पुढे जा: रुग्णाला सांगितलंत का, केव्हा, कोणत्या शब्दांत? एक्स-रे काढलात का? एंडोडाँटिस्टकडे पाठवलंत का? त्यांना तुमच्या हाताची चूक मोजायची नसते. चूक झाल्यावर तुम्ही रुग्णाशी खरं बोलता का, ते पाहायचं असतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेत पाच तत्त्वं आहेत: रुग्णाचा निर्णयाचा हक्क, अपाय न करणं, भलं करणं, न्याय आणि सत्य. ती पाठ करून म्हणून दाखवू नका, पण प्रत्येक नैतिक प्रश्न त्यांतल्या कुणाशी तरी भिडतो हे डोक्यात असू द्या. आणि रबर डॅमबद्दल विचारलं तर खरं सांगा. ‘मी काम केलं त्या क्लिनिकमध्ये तो वापरत नसत, का वापरावा हे मला माहीत आहे आणि मी त्याचा सराव करते आहे’ या उत्तरात कमीपणा काहीच नाही. मात्र सराव खरोखर चालू असला पाहिजे.

काही ठिकाणी मुलाखत एकाच टेबलाशी होत नाही. एका खोलीतून दुसरीत, काही मिनिटांचा एकेक प्रसंग, प्रत्येक ठिकाणी नवा परीक्षक. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशांसाठी सुरू झाली आणि मग सगळीकडे पसरली. प्रसंग साधारण असे: पैसे नाहीत म्हणून रुग्ण वाचवण्याजोगा दात काढायला सांगतो आहे, त्याच्याशी बोला. घाबरलेल्या बाईला रूट कॅनॉल म्हणजे काय ते समजावा. अहो, हे तर तुम्ही रोज करता! ‘काढूनच टाका डॉक्टर, कटकट नको’ हे वाक्य न ऐकलेला दंतवैद्य महाराष्ट्रात नाही. त्याला तुम्ही खुर्ची सरळ करून, मास्क खाली घेऊन, पाच मिनिटं समजावता. तेच तिथे करायचं आहे.

म्हणून तयारी मराठीतून सुरू करा. एक केस घ्या, ती आईला सांगितल्यासारखी मराठीत सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐका. कुठे लांबलं, कुठे मुद्दा सुटला ते दिसेल. मग तीच इंग्रजीत सांगा, लिहून न काढता. अशा आठ-दहा केसेस तुमच्या जिभेवर बसल्या की कुठलाही प्रश्न आला तरी त्यातली एखादी पुढे येते. पाठ केलेलं उत्तर प्रश्न जरा वळला की कोसळतं. उच्चारांची काळजी सोडा, त्यांना जगभरच्या इंग्रजीची सवय आहे. आपला दोष वेगाचा आहे. घाबरलो की आपण धावत बोलतो. सावकाश बोला, आणि न समजलेला प्रश्न पुन्हा विचारायला सांगा.

मुलाखत ऑनलाइन असेल तर वेळेचा हिशोब कागदावर करा. कॅलिफोर्नियातले सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा. त्या दिवशी क्लिनिकची संध्याकाळची पाळी घेऊ नका. घरात टीव्ही बंद, कुकरची शिट्टी बंद, वाय-फाय गेलं तर फोनचं इंटरनेट तयार.

बऱ्याच ठिकाणी बेंच टेस्टही असते. मॅनिकिनच्या डोक्यात बसवलेल्या टायपोडॉन्टवर क्राउनची किंवा क्लास टूची प्रिपरेशन, कधी मेणाचं काम. आपल्या मुलांचा हात चालतो, तरी ती तिथे मार खातात ती बसण्यात. रोज तीस-चाळीस रुग्ण बघताना मान वाकडी करून थेट पाहायची सवय लागते. आरशातून पाहून काम करायला पुन्हा शिकावं लागतं. टायपोडॉन्ट आणि दात विकत घ्या, दोघी-तिघींत मिळून घ्या, घड्याळ लावून करा आणि शेजारच्या दाताला बर लागला की तो प्रयत्न फुकट धरून नव्याने सुरुवात करा. एअरोटरची सवय असलेल्यांनी तिकडचा इलेक्ट्रिक हँडपीस एकदा तरी हातात घेऊन पाहावा, त्याचं वजन आणि जोर वेगळा असतो.

ज्या मुली लग्न करून अमेरिकेत गेल्या आणि अवलंबित व्हिसावर घरी आहेत, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमची संख्या मोठी आहे आणि तुमच्यातल्या अनेकींनी ‘आता काय, इतकी वर्षं गेली’ म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकली आहेत. टाकू नका. मधली वर्षं लपवायची गोष्ट नाही. मूल झालं, ते वाढवलं, असं सरळ सांगा. पण परत येण्यासाठी काही केलंत हे दिसायला हवं. जवळच्या दंतवैद्याकडे परवानगीने नुसतं उभं राहून पाहणं, मोफत उपचारांच्या ‘मिशन ऑफ मर्सी’ किंवा ‘रिमोट एरिया मेडिकल’च्या शिबिरांत स्वयंसेवक होणं, एखादा प्रशिक्षण कोर्स. पगाराचं काम मात्र व्हिसाची परवानगी असल्याशिवाय करू नका. एच-४ या अवलंबित व्हिसावरच्या काही जोडीदारांना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू शकतो, तुम्ही त्यात बसता का ते वकिलाकडून तपासून घ्या. आणि नवऱ्यांनो, आठवड्यातले ठरलेले तास मूल तुमच्याकडे, हे एकदा पक्कं करा. अभ्यास मोकळ्या वेळात होत नाही.

आईवडिलांशी पैशाबद्दल. दोन-तीन वर्षांची फी, राहणं, विमा, उपकरणं हे सगळं धरलं तर खर्च एक कोटी रुपयांच्या पुढे सहज जातो, काही ठिकाणी त्याच्या दुपटीवर. शेत किंवा राहतं घर गहाण टाकण्याआधी मुलांबरोबर बसून लिहा: कर्ज किती, व्याज किती, आणि पदवीनंतर व्हिसा मिळाला नाही तर हप्ता कोण भरणार. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न टाळू नका. पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर मुलाला घालून-पाडून बोलू नका. पुन्हा अर्ज करून जाणारे खूप असतात. ज्या स्कूलने नाकारलं, तिला नम्रपणे कारण विचारता येतं, काही जण सांगतातही.

शेवटी मुलाखत घेणारे विचारतात, ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?’ इथे ‘नो, थँक यू’ म्हणून उठू नका. विचारा की क्लिनिकमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्ण पुरेसे मिळतात का, की स्वतः शोधावे लागतात. उपकरणांचा खर्च फीमध्ये धरला आहे का. बाहेरून आलेले दंतवैद्य आणि तिथले विद्यार्थी एकत्र शिकतात की वेगळे. मागच्या तुकडीतल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी बोलता येईल का. उत्तरं लिहून घ्या. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, तर अनामत रक्कम भरण्याआधी हाच कागद उघडून घरच्यांबरोबर बसा.